मृगापूर्वीच तणांचा बंदोबस्त

अहमदपूर भागातील काळ्या जमिनीत हराळी, कुंदा व लव्हाळा ही तणे काशा व गाठींच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतात. सोयाबीनचे पहिले ३० ते ४५ दिवस तणामुळे वाया गेले, तर पुढील खुरपणीने ते नुकसान भरून येत नाही. म्हणून हे काम पेरणीपूर्वीच हाती घ्यावे.

रब्बीचे पीक निघताच, जमीन कडक होण्याआधी खोल नांगरट करावी. उघड्या पडलेल्या काशा व गाठी उन्हात वाळतात. उरलेल्या वेचून नष्ट कराव्यात. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे, कारण कच्च्या खतातून तणांचे बी शेतात येते. मृगाच्या पावसावर उगवलेले तण वखराच्या पाळीने मोडावे व वाफसा येताच पेरणी करावी. पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, ओलसर जमिनीवर, वेष्टनावरील प्रमाणात पेंडिमेथालीन फवारावे. उगवून आलेल्या तणावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

धुऱ्यावरील गाजरगवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्याचे बी वाऱ्यापाण्याबरोबर शेजारच्या शेतात जाते. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही मोहीम सर्व गावात एकाच वेळी घडवून आणावी.