सायकलीच्या बोल्टचे गेलेले आटे



तवंदी घाटाच्या उतारावर सायकल सोडलेल्या मनुष्याचा जीव कशावर अवलंबून असतो, असे कोणी विचारले तर आपण 'ब्रेकवर' असे उत्तर देऊ. परंतु तो ब्रेक तरी कशाच्या आधाराने उभा असतो? बोटाच्या पेराएवढ्या एका बोल्टच्या. आणि तो बोल्ट आपल्या अंगावरील जेमतेम अर्धा मिलिमीटर उंचीच्या आट्यांच्या आधाराने! हे आटे गेले की सारी सायकल धडधाकट असूनही धोक्याची होते.

हा धडा मी विद्यार्थिदशेतच स्वतःच्या गुडघ्यावर शिकलो. ब्रेकचा बोल्ट ढिला वाटला म्हणून पान्याने तो सर्व शक्तीनिशी आवळला. एका क्षणी पाना एकाएकी हलका झाला. 'आता पक्का बसला' असे मी समजलो; वास्तविक त्याच क्षणी आटे गेले होते. वर तार गुंडाळून तसाच निघालो. उतारावर ब्रेक दाबताच तो निखळला आणि मी शेताच्या बांधावर जाऊन आदळलो. माती मऊ होती, म्हणून खरचटण्यावर निभावले.

आटे म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. कागदाचा एक त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरपी कड पेन्सिलीवर नागमोडी चढत गेलेली दिसेल. आटे म्हणजे असाच दांड्याभोवती गुंडाळलेला चढ होय. ६ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टचे आटे एकमेकांपासून १ मिलिमीटर अंतरावर असतात. १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याने एक पुरा फेरा दिला, तर आपला हात सुमारे ९४० मिलिमीटर फिरतो आणि बोल्ट मात्र १ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे हाताचे बळ ९४० पट व्हावयास हवे. त्यातील सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणात खर्च होतो, असे धरले तरी ९० पट उरतेच. हाताने १० किलोचा जोर लावला, तर बोल्टवर ९०० किलोच्या आसपास ताण पडतो. आणि साध्या मऊ पोलादाचा एवढा बोल्ट ५०० किलोच्या सुमारासच कायमचा ताणला जाऊ लागतो! 'अति तेथे माती' ही म्हण पान्यालाही लागू पडते, ती अशी.

आटे जाण्याचे दुसरे कारण म्हणजे विजोड नट. आपल्याकडील जुन्या धर्तीच्या सायकलीच्या मागच्या चाकाचा आस बहुधा तीन सुताचा, म्हणजे ३/८ इंच जाडीचा असतो व त्यावर इंचास २६ आटे असतात. लोखंडी सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या तीन सुताच्या साध्या नटास इंचास १६ आटे असतात. जाडी एक, पण आट्यांचे अंतर निराळे! असा नट जबरीने चढविला तर नट आणि आस या दोहोंचाही नाश होतो. याहून फसवी जोडी नव्या सायकलींमुळे निर्माण झाली आहे. त्यांतील अनेकींचा मागील आस १० मिलिमीटरचा असतो. त्याचा नट तीन सुताच्या आसावर सहज चढतो, कारण आट्यांचे अंतर जवळजवळ सारखे आहे. परंतु तो अंमळ सैल असल्यामुळे आवळताच आटे सोडतो. म्हणून दुकानात जाताना जुना नट अथवा बोल्ट बरोबर न्यावा.

आता दुरुस्तीकडे वळू. प्रथम दोष कोणाचा, ते ठरवावे. बोल्टवर त्याच मापाचा नवा नट हाताने चढवून पाहावा. तो नीट बसला तर जुना नट गेला; डगडगला तर बोल्ट गेला. बोल्टच्या आट्यांत चकचकीत धातूचे धागे अडकलेले दिसले, तर ज्या भोकात तो बसत होता तेथील आटे निघाले आहेत, असे समजावे. नट किंवा बोल्ट गेला असेल तर तो बदलावा. नवा नट थोड्या पैशांत मिळतो.

भोकातील आटे गेले असतील तर उपाय क्रमाने करावेत. केवळ तोंडाशी एखाददुसरा आटा दबला असेल, तर त्याच मापाचा टॅप तेल लावून फिरवावा म्हणजे मार्ग मोकळा होतो. भोक खोल असून बोल्ट आखूड असेल, तर लांब बोल्टने आतील न वापरलेले आटे उपयोगात आणता येतात. भोक आरपार असेल, तर पलीकडून नट लावावा. यांपैकी काहीच शक्य नसेल तर भोक मोठे करून नवे आटे पाडावेत. कॅरिअरचा ५ मिलिमीटरचा बोल्ट बसत नसेल, तर सभोवती पुरेसा धातू आहे ना, हे पाहून तेथे ५ मिलिमीटरचे ड्रिल मारावे व ६ मिलिमीटरचा टॅप फिरवावा. टॅप सरळ धरावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा चालवावा, म्हणजे कीस तुटून पडतो. पोलादाला तेल व ॲल्युमिनियमला रॉकेल लावावे. टॅप कठीण पण ठिसूळ असतो. घाई केल्यास तो आतच मोडतो.

एक अपवाद लक्षात असू द्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; ते घड्याळाच्या काट्याविरुद्ध फिरविल्यावर आवळते. चालविताना ते आपोआप सुटू नये, यासाठी ही योजना आहे. हे ठाऊक नसल्याने कित्येकजण क्रँकचे आटे घालवून बसतात. तसे झाल्यास कुशल कारागिराकडून आत पोलादी बुश बसवून घ्यावा, नाही तर क्रँक बदलावी. ब्रेक, हँडल आणि पुढील चाक यांच्या बाबतीत तर तार, दोरा, पत्र्याची पट्टी असले तात्पुरते उपाय कदापि करू नयेत.

ही कामे हलकी आहेत, असे कोणी समजू नये. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत आणि तेथून सायकली पाठवीत. त्यांचे बंधू रामूअण्णा येथे त्या विकत. पुढे त्याच बंधूंनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा पाया घातला. एवढ्या मोठ्या उद्योगाचा आरंभ आपल्याच गावातील सायकलीच्या दुकानात झाला.

तेव्हा मित्रहो, बोल्टचे पहिले तीन फेरे नेहमी बोटांनीच द्या. बोटांनी जो फिरत नाही, त्याला पाना लावू नका. काढा, पुसा, माप पाहा आणि पुन्हा लावा. जुळत नसलेले आटे बळाने जुळत नाहीत. आज संध्याकाळी घरची सायकल उभी करून तिचा एकेक बोल्ट हाताने चाचपून पाहा. उद्या शाळेला येताना वाटेत उतार आहेच.