पुरांत बुडालेल्या जुन्या ट्रकची परीक्षा

सन २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा-पंचगंगेच्या पुरानें सांगली-कोल्हापुराकडे उभीं पिकें बुडालीं, तसे गोठ्याशेजारचे ट्रकही पाण्याखालीं गेले. पूर ओसरतांच मालक प्रथम किल्ली फिरवितो, आणि तेंच घातक होय. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरांत वाटीभर पाणी असलें तरी त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वांकतो.

यास्तव आधीं बॅटरीची तार सोडावी. विमा असल्यास सर्व्हेयरनें पाहण्यापूर्वीं पुढें कांहींच उघडूं नये. नंतर एअर फिल्टर पाहावा. तो ओला असल्यास पाणी आंत शिरलें असें धरून चालावें. पट्टीवरील ऑईल दुधाच्या चहासारखें दिसल्यास सर्व बदलावें. मात्र हेड गॅस्केट गेल्यानेंही असाच रंग येतो. रेडिएटरांतील पाणी वरचेवर घटत असल्यास तो दोष पुराच्या माथीं मारूं नये.

पाणी डिझेलपेक्षां जड, म्हणून टाकीच्या तळाचें बूच काढून तें वाहूं द्यावें व डिझेल फिल्टर बदलावा. जुन्या ट्रकचा पंप यांत्रिक असल्यानें विजेची गुंतागुंत थोडी, हें त्यांतल्या त्यांत सुदैव. मग सर्व नोझल उतरवून इंजिन पान्यानें हातानें फिरवावें. भोकांतून पाणी येईनासें झाल्यावरच नोझल बसवावे.

इतकें करूनही एक सिलिंडर दुबळा राहिला, तर दाब मोजून घ्यावा. वांकलेल्या रॉडमुळें पिस्टन पुरता वर येत नाहीं व दाब कमी भरतो. असा ट्रक ऊस भरून रस्त्यावर काढल्यास रॉड मोडून ब्लॉक फुटण्याचें भय असतें.