तो प्रोजेक्ट तुझाच ना?

सांगली, रविवार

चि. सई हिस,


परवा बेबीमावशींच्या नातवाच्या मुंजीत तुझ्या वर्गातल्या एका मुलीची आई भेटली. पंगतीत शेजारीच बसली होती. म्हणाली, "यंदा पोरींनी ॲपचे प्रोजेक्ट रेडिमेडच घेतलेत, रिपोर्टच्या बाइंडिंगसकट. तुमच्या सईनंही घेतलाय म्हणे." मी काही बोलले नाही, पण जेवणही गेलं नाही. घरी येऊन दादाला फोन लावला, तर तो कौतुकानं सांगायला लागला की पोरगी रात्री दोन-दोनपर्यंत स्टॅनफर्डची लेक्चरं बघते, सगळी संपवली. या दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात, याचीच मला भीती वाटते.

म्हणून सरळ विचारते. तो हजेरीच्या ॲपचा प्रोजेक्ट तुझाच आहे ना?

लेक्चरांना मी नावं ठेवत नाही. तू लिंक पाठवलीस तेव्हापासून मीही ती बघते आहे. पॉल हेगार्टी काय सुंदर शिकवतात! आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये शिकवलेल्या बाईला चांगला मास्तर लगेच ओळखू येतो. २००९ मध्ये स्टॅनफर्डनं हा आयफोन ॲपचा कोर्स जगाला फुकट खुला केला. आधी ऑब्जेक्टिव्ह-सी, मग स्विफ्ट, आता स्विफ्टयूआय. २०२० साली कोविडमुळे कॅम्पस बंद होता, तेव्हा स्टॅनफर्डची स्वतःची पोरंही आपल्यासारखी घरी बसूनच शिकत होती. आमच्या वेळी असं काही मिळेल हे स्वप्नातही आलं नसतं.

पण त्यांच्या पहिल्या गृहपाठाचा कागद तू उघडलास का? वर्गात जोड्या लावायचा पत्त्यांचा खेळ करून दाखवतात ना, भुताचं आणि भोपळ्याचं चित्र असलेला? गृहपाठातलं पहिलंच काम असं, की तो खेळ जसाच्या तसा स्वतः टाईप करून चालवा, कुठूनही कॉपी-पेस्ट करू नका. स्टॅनफर्डच्या पोरांनाही हे बजावावं लागतं, सई. पुढच्या गृहपाठात गुण मोजायचे आहेत: जोडी जुळली की २ गुण, आणि आधी पाहिलेला पत्ता चुकीच्या जोडीत आला की १ वजा. वाचायला किती सोपं! पण त्या एका वजा गुणासाठी प्रत्येक पत्त्याच्या नावे 'हा एकदा बघून झालाय' अशी नोंद ठेवावी लागते. ती मॉडेलमध्ये ठेवायची की व्ह्यूमध्ये, हे ठरवताना डोकं चालायला लागतं. खरं शिकणं तिथं आहे, आणि ते व्हिडिओत नाही.

आणि तुझा लॅपटॉप विंडोजचा. आयफोनचं ॲप लिहायला लागतं ते एक्सकोड मॅकशिवाय चालत नाही. मग इतकी लेक्चरं झाली तेव्हा तू टाईप कुठं करत होतीस?

मी एक्स्टर्नल म्हणून किती तरी व्हायवा घेतल्या. विकत घेतलेला प्रोजेक्ट ओळखायला मला कधी फार प्रश्न विचारावे लागले नाहीत. एवढंच म्हणायचं, "हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेलेल्या मुलांची नावं लाल करून दाखव बरं." ज्यानं स्वतः केलंय तो धडपडतो, चुकतो, पण नेमकी फाईल उघडतो. दुसरा नुसता माउस हलवत राहतो. कपाळावर घाम. मग माझ्याकडं बघतो. त्या मुलांचे चेहरे मी विसरलेले नाही. त्यांत तुझा चेहरा मला नको आहे, म्हणून एवढं चिडून लिहिते आहे.

लेक्चर बघताना सगळं समजतं गं. मास्तर पत्ता उलटवून दाखवतात, उलटत नाही, मग कारण सांगतात: स्ट्रक्ट दुसरीकडे दिला की त्याची प्रत होते, तू उलटवलीस ती प्रत, पडद्यावरचा मूळ पत्ता तसाच पडून. आपण मान डोलावतो. पण तोच पत्ता आपल्या हातून उलटत नाही आणि अर्धी रात्र त्यात जाते, त्यानंतरच ते अंगात मुरतं.

तू जन्मायच्या आधीची एक गोष्ट सांगते. आपल्या घरात ती कुणी बोलत नाही. मला पवईला आयआयटीत एम.टेक.ला जायचं होतं. आबांचं ते आजारपण आलं, दादा शिकत होता, मी राहिले. दोष कुणाचाच नाही, आणि दादाला तर हे कधीच ऐकवू नकोस. त्याचा एक मित्र तिथं शिकत होता. त्याच्या वह्या तो सुट्टीत आणायचा आणि मी त्या रात्र रात्र उतरवून काढायची. अक्षर सुरेख, आकृत्या पट्टी लावून. शंका समासात लिहून ठेवायची, कारण विचारायला माणूस नव्हता आणि चालवून बघायला मशीन नव्हतं. सगळे म्हणायचे, सुमन किती अभ्यास करते. समासातली ती प्रश्नचिन्हं मात्र तशीच राहिली. नंतर मशीन मिळालं, नोकरी मिळाली, चांगलं झालं. तरी त्या वयातली ती भूक त्या वयात भागायला हवी होती, असं अजून वाटतं. म्हणून दादानं "सगळी लेक्चरं संपवली" म्हटलं, तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी त्या वह्या आठवल्या.

तुझ्याकडे मशीन आहे. मॅक नसला म्हणून काय झालं? अँड्रॉइड स्टुडिओ तुझ्या लॅपटॉपवर चालतो. एम्युलेटर जड वाटला तर लावूच नको, स्वतःचा फोन केबलनं जोड. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलंस की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, तिथं यूएसबी डीबगिंग चालू कर. हेगार्टींचाच पत्त्यांचा खेळ कोटलिन आणि जेटपॅक कंपोजमध्ये लिही. विचार करायची पद्धत बरीचशी तीच आहे. तिथंही पत्ता उलटणार नाही बघ, पण नेमक्या उलट कारणानं: मेमरीत तो उलटलेला असतो, यादीतली वस्तू मात्र तीच, त्यामुळे कंपोजला बदल कळतच नाही आणि स्क्रीन ढिम्म. तिथं मुद्दाम प्रत करून नवा पत्ता यादीत ठेवावा लागतो. मी हे करून बघितलं तेव्हा इतका आनंद झाला की तुला रात्रीच फोन करणार होते.

त्या बाईचं मला खरं वाटत नाही. लहानपणी रेडिओ उघडून बसणारी तू, दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावानं देशील असं मन घेत नाही. तरीही, सई, घेतलाच असशील तर मला सांग. मुदत जवळ आली असेल, सगळ्या मैत्रिणी घेत असतील, घाबरली असशील. मी ओरडणार नाही. ओरडायचं ते वर ओरडून झालं. तुझ्या गाइडना भेटायला मी पुण्याला येईन. मुदत वाढवून मागू, नाही मिळाली तर साधं का होईना, तुझं स्वतःचं ॲप दाखवू. दादाला सांगायचं की नाही, ते आपण दोघी नंतर ठरवू.

आणि रात्री दोनपर्यंत जागू नकोस. वहिनी म्हणत होती, तुझं डोकं दुखतं म्हणून. चष्म्याचा नंबर तपासून घे. लॅपटॉपची रॅम वाढवायला पैसे लागतील ते मी पाठवते, नको म्हणायचं नाही. शनिवारी सुट्टी असेल तर सरळ इकडे ये. खोलीत टेबल रिकामं करून ठेवलंय, वांग्याचं भरीत करीन, आणि तुला अडेल तिथं मी शेजारी बसेन. मलाही सगळं येतं असं नाही, पण आता विचारायला आपण एकमेकींना आहोत.

पत्र पोचलं की फोन कर. रागावले म्हणून टाळू नकोस गं बाई.

तुझी,
सुमनआत्या