पारा उतरला तरी सांभाळा

नागपूरचा उन्हाळा म्हटला की सगळे नवतपाबद्दल बोलतात. कॅनडातली नोकरी संपवून आम्ही दोघं इथे राहायला आलो, तेव्हा आम्हालाही त्याचीच धास्ती होती. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाल्याची बातमी आम्ही टोरांटोत वाचली होती. प्रत्यक्षात नवतपा नीट पार पडला. ह्यांना त्रास झाला तो जूनमध्ये, आभाळ भरून आलं, पारा चाळिशीच्या खाली उतरला आणि घरात सगळे निर्धास्त झाले तेव्हा. निवृत्तीनंतर परदेशातून विदर्भात येणाऱ्यांसाठी म्हणूनच हे लिहिते आहे.

इथला उन्हाळा एकसारखा नसतो. मार्च-एप्रिलमध्ये मधूनच अवकाळी पाऊस येतो, गारा संत्र्याच्या बागा झोडपून काढतात, दोन दिवस हवा गार होते आणि लगेच पारा चढतो. मे महिना कोरडा. घाम आल्याचं कळतही नाही, कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग तेवढे दिसतात. मग पावसाची वाट पाहता पाहता उमस सुरू होते. आता घाम निथळतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही.

कूलरचंही तेच. कोरड्या हवेत ताट्यांमधलं पाणी भराभर उडतं म्हणून खोली गार होते. दमट हवेत तोच कूलर ओलावा वाढवत बसतो. त्यात कॅनडातल्या सवयीने आमच्या खिडक्या बंद. शेजारचा मुलगा म्हणाला, "काकू, समोरची खिडकी उघडी ठेवा ना जी, नाही तर हवा आतच कोंडते." उमस वाढली की कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, झेपत असेल तर एसी लावावा.

एका दुपारी उठताना ह्यांचा तोल गेला. बोलणं विस्कळीत झालं, वार कोणता ते सांगता येईना. अंग तापलेलं नव्हतं, त्यामुळे ऊन लागलं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा सोडियम बरंच खाली गेलेलं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, वर्षानुवर्षांचं अळणी जेवण, दिवसभराचा घाम आणि वर तांब्याने प्यायलेलं साधं पाणी, असं सगळं एकत्र आलं होतं. थंड देशात ठरवलेला औषधाचा डोस इथल्या जूनला मानवला नाही.

तेव्हा होळीच्या आधीच सगळ्या गोळ्या इथल्या डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या, मानसिक आजाराच्या काही औषधांनी उन्हाळा जास्त बाधतो. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ओआरएसचं पाकीट कंपनीने लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळा; हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी विचारून घ्या. उतारवयात तहानही उशिरा लागते, तिच्यावर विसंबू नका. अंग भाजल्यासारखं तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी मारून वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

कायमचं यायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास या. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि थंडीच्या मुलखात काही आठवडे राहिलं की ती मोडते. त्यामुळे एप्रिलमध्ये मुलांकडे जाऊन ऐन जूनमध्ये परतणं मला तरी धोक्याचं वाटतं.

आकड्यांनी घाबरूही नका. मे २०२४ अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि परदेशातून फोनवर फोन आले. पुढे हवामान खात्याने तो यंत्रातला दोष असल्याचं सांगितलं. कमाल तापमानाइतकंच रात्रीचं तापमान आणि हवेतली आर्द्रता पाहा. रात्र गार झाली नाही, तर दुसऱ्या दिवशीची बाहेरची कामं पुढे ढकला.

पहिला पाऊस पडला की कूलर झाकून ठेवायची घाई होते. पण पाऊस ओढ देतो, ऊन पुन्हा पडतं आणि उमस आधीपेक्षा वाढते. ओआरएसची पाकिटं मी आता पोळ्यापर्यंत हाताशी ठेवते, आणि ह्यांची सोडियमची तपासणी मेमध्ये एकदा, पाऊस लागल्यावर पुन्हा एकदा करून घेते.