धनुर्विद्येचा पहिला पाठ

बांबूचे धनुष्य मुलाच्या हाती देताना शिक्षकांनी प्रथम त्याच्या बळाचा विचार करावा. ताणताना हात थरथरला, तर ते धनुष्य त्याच्यासाठी नव्हे. राष्ट्रीय स्पर्धांत अशा धनुष्याने ३० व ५० मीटरांवर नेम धरतात. आपण पाच पावलांवर पेंढ्याचा भारा ठेवावा, मागे मातीचा बांध असावा. दर वेळी दोरी हनुवटीशी एकाच जागी यावी, म्हणजे नेम बसू लागतो. बाणाविना ताणलेली दोरी कदापि सोडू देऊ नये. बाणास मिळावयाची शक्ती धनुष्यातच उलटून बांबू फुटतो. तरुणपणी माझ्या हातून एक असे मोडले. कपाळावरील खूण अद्याप आहे. सर्वांचे बाण सुटल्यावाचून कोणीही रेषेपुढे जाऊ नये. सातपुड्यातील शाळांच्या शिक्षकांनी मात्र आधी पाड्यावरील भिल्ल वडीलधाऱ्यांकडे स्वतःच शिकावयास बसावे.