झटक्यानंतर गेलेली वाचा

उजव्या अंगाला अर्धांगवायूचा झटका आला, की पुष्कळदा त्याबरोबर बोलणेही जाते. हात-पाय पुढे थोडेफार हलू लागतात. पण माणूस 'पाणी' म्हणायला जातो आणि तोंडातून 'दार' निघते. घरच्यांना वाटते, डोक्यावर परिणाम झाला. यास वेड म्हणू नये, हा वाचाघात. माणसे ओळखणे, लाज, राग, माया बहुधा शाबूत असतात.

पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ साली 'टॅन' एवढेच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला आढळला. बहुतेकांची भाषा याच बाजूला असते, म्हणून उजवे अंग आणि वाणी एकदम जातात.

हल्ली नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, मेंदूला करंट देऊन बोलणे येते म्हणे?" हा करंट म्हणजे शॉक नव्हे. एका पद्धतीत डोक्यावर ओले स्पंज ठेवून एक-दोन मिलिअँपिअर इतकी सौम्य वीज सुमारे २० मिनिटे देतात; दुसरीत चुंबकाचे ठोके देतात. अमेरिकेत ७४ रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विजेचे निष्कर्ष आशादायक होते, निर्णायक नव्हते. मुख्य म्हणजे त्या रुग्णांकडून त्याच वेळी शब्दांचा सरावही करून घेत होते. नुसते यंत्र लावून वाचा परत आणतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. फिट येत असेल किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय चुंबकाजवळ जाऊच नये.

सरावाचा पुरावा अधिक भक्कम आहे. जर्मनीतील १५६ रुग्णांच्या अभ्यासात (२०१७) आठवड्याला किमान १० तास, असे तीन आठवडे वाचा-उपचार दिले. झटक्याला सहा महिने उलटून गेलेले रुग्णही सुधारले. 'आता वेळ गेली' असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पत्ते लावणे, चित्रे जुळवणे यांनी लक्ष टिकायला मदत होईल. पण शब्द हवे असतील तर शब्दांचाच सराव हवा.

आता आपल्या भागाचे पाहू. तारापूरच्या कारखान्यात हिंदी, बाजारात मराठी किंवा गुजराती, घरात वारली, वाडवळी नाहीतर भोजपुरी. झटक्यानंतर या भाषा सारख्या परत येतीलच असे नाही. माझ्या एका रुग्णाला घरची मांगेली बोली आधी आली. मुलगा मात्र "नीट मराठी बोला" म्हणून मागे लागलेला! जी भाषा येईल ती येऊ द्या. आजोबांना नाव सांगता येत नाही, पण एक ते दहा किंवा आरती सुरात म्हणता येते, हेही दिसते. तिथूनच सुरुवात करा. एका वेळी एकाने, लहान वाक्यात बोलावे. टीव्ही बंद ठेवावा. शब्द अडला की दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे, मग पहिले अक्षर सुचवावे. मोठ्याने ओरडू नये. ते बहिरे नाहीत.

वाचा-उपचारासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मुंबई सेंट्रलजवळचे नायर रुग्णालय आहे. डहाणू लोकल २०१३ पासून थेट चर्चगेटपर्यंत जाते, तरी रोज जाणे कुणाला परवडणार? महिन्यातून एकदा जाऊन सराव लिहून आणावा आणि तो घरी रोज दोनदा, अर्धा-अर्धा तास करून घ्यावा.