काका ‘हो’ म्हणाले होते

‘‘पण काकू, काका स्वतः ‘हो’ म्हणाले होते.’’ यांच्या खांद्याचं विचारायला गेले, तेव्हा त्या वर्गाच्या बाईंनी हे वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. वर हसून. दारावर ‘पक्षाघात व मेंदूइजा पुनर्वसन वर्ग’ असा भलामोठा फलक. आणि वाचा गेलेल्या माणसाच्या ‘हो’ची किंमत त्यांना समजावून सांगायची कुणी, तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या मी!

यांची उजवी बाजू गेली, त्याबरोबर बोलणंही गेलं. डोकं शाबूत आहे. वाण्याच्या हिशेबात मी चुकले की अजूनही भुवई वर जाते. पण तोंडातून निघतं ते बहुतेक वेळा ‘हो’च. चहा हवा? हो. नको? तेही हो. खरं उत्तर डोळ्यांत आणि डाव्या हातात शोधायचं असतं. हे सगळं मी प्रवेशाच्या फॉर्मवर लिहून दिलं होतं. तिथे रकाना फक्त बीपी-शुगरचा, म्हणून समासात लिहिलं. ते कुणी वाचलं नाही, हे मागाहून कळलं.

वर्ग डोंबिवलीतल्याच एका हॉलमध्ये भरायचा. सुरुवातीला यांचा चेहरा खुलला होता, ते नाकारत नाही. घरी फिजिओ येऊन जायचा तेव्हा हे भिंतीकडे बघत हातपाय हलवायचे. इथे समोर आपल्यासारखीच चार पायांची काठी घेतलेली माणसं होती. गटाने व्यायाम करण्यात खोट नाहीच. खुर्चीतून उठणं, पायरी चढणं, पेला उचलून फळीवर ठेवणं अशी रोजची कामं आळीपाळीने, जागा बदलत पुन्हा पुन्हा करायची, ही रीत जगभर चालते आणि तिने चालणं सुधारतं. इथे मात्र सगळ्यांना एकच कवायत. अपघातात डोक्याला मार लागलेला एक कोवळा मुलगा यायचा. त्याला आवाज सोसत नसे, कानांवर हात घेऊन बसायचा. तरी स्पीकरवर गाणी तारस्वरात. का, तर ‘वातावरण उत्साही हवं’.

आणि ती कप्पी. खिडकीच्या गजाला दोर लावलेला. चांगल्या हाताने एक टोक खाली ओढायचं, दुसऱ्या टोकाला बांधलेला लुळा हात वर जातो. ‘सांधा मोकळा होतो’ म्हणे. त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. हे डाव्या हाताने दोर सोडून द्यायला बघत होते आणि शिकवणारा मुलगा त्यांची मूठ दोरावर दाबून धरत होता. ‘‘बरं वाटतंय ना काका?’’ ‘‘हो.’’ ‘‘शाब्बास! अजून दहा.’’ मी उठून गेले. यांच्यासमोर उभी राहून विचारलं, ‘‘दुखतंय का?’’ ‘‘हो.’’ तर तो मुलगा म्हणतो, ‘‘काकू, ते तर सगळ्यालाच हो म्हणतात.’’

म्हणजे ठाऊक होतं! बरं वाटतंय याचा ‘हो’ खरा, दुखतंय याचा ‘हो’ सवयीचा. तिथेच मला कळून चुकलं की इथे माझ्या नवऱ्याला कुणी काही विचारतच नाही. विचारल्याचं नुसतं नाटक चाललंय.

दोन्हीतला खरा ‘हो’ कुठला, ते रात्री सदरा घालताना दिसलं. खांद्याला हात लावू देईनात. पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी खांद्याच्या हाडाखाली बोट ठेवून दाखवलं, बोटभर खाच पडली होती. सैल पडलेले स्नायू हाताचं वजन पेलत नाहीत, सांधा खाली उतरतो. हात वर जाताना पाठीवरचं फऱ्याचं हाड त्याच्याबरोबर फिरायला हवं. लुळ्या बाजूला ते फिरत नाही, मग हात खांद्याच्या रेषेच्या वर ओढला की आतला मऊ भाग दोन हाडांत चिमटतो. लकव्याच्या खांद्याला असली कप्पी लावू नये, हे फिजिओथेरपीत नवं नाही. कित्येक वर्षांपासून शिकवतात. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘बाकीच्यांना तर फायदा झालाय.’’ आणि हो, त्याच कप्पीवरचा यांचा व्हिडिओ ‘जिद्द’ असं नाव देऊन त्यांनी सगळीकडे फिरवला. यांची परवानगी? अर्थातच ‘हो’.

तेव्हा कुठल्याही वर्गात नाव घालण्याआधी बघा की तुमच्या माणसाला एकट्याला बसवून, हात लावून, चालवून कुणी तपासतं का. बीपी न मोजता व्यायाम सुरू होत असेल तर उठून या. शिकवणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद महाराष्ट्राच्या परिषदेकडे असते, स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. वर्गातला आमचा ‘फिजिओ’ जिममधला प्रशिक्षक निघाला. विचारल्यावर लोकांना राग येतो, येऊ द्या.

लुळ्या हाताला धरून कुणालाही उठवू देऊ नका, नातवालाही नाही. कमरेला पट्टा बांधून तिथे धरायचं. बसताना तो हात उशीवर किंवा टेबलावर टेकलेला हवा, लोंबकळत नको. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.

बोलणं गेलेल्या माणसाशी नुसत्या हो-नाहीवर काम भागवू नका. आम्ही पुठ्ठ्यावर दोन चेहरे काढलेत, एक हसरा, एक वेदनेचा. हे बोट ठेवतात. तोच प्रश्न उलटा करूनही विचारायचा, उत्तर बदललं नाही तर पहिलं धरायचं नाही. आणि त्यांच्यादेखत ‘यांना कळतं का?’ असं मला विचारणाऱ्यांना मी आता ‘तुम्हाला कळतं का?’ असंच विचारते.

बोलण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, हातापायांसाठी हाजीअलीची केंद्र सरकारची संस्था आहे. डोंबिवलीहून जायचं म्हणजे दिवस मोडतो, दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट माणसं पाय पसरून बसलेली असतात, त्यांच्याशीही भांडावं लागतं. तरी जा. दिव्यांगत्वाचा दाखलाही काढा. २०१६च्या कायद्यात वाचाघाताने गेलेल्या बोलण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे फक्त हातपाय बघतात.

बाकी धीर धरा, झोप घ्या, सोबत करणाऱ्यानेही स्वतःला जपा वगैरे सगळे सांगतातच.

पैशांचं मात्र नीट ऐका. तीन महिन्यांची फी वर्गवाल्यांनी आगाऊ घेतली. वर्ग सोडून उरलेली परत मागितली तेव्हा बाईंनी पावती वाचायला सांगितली. त्यावर ‘फी’ नव्हतं, ‘देणगी’ होतं. देणगी परत होत नाही! तेव्हा पावती हातात पडताच वाचा, आणि कशाबद्दल, किती महिन्यांचे, हे लिहून घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. आमच्याकडे सुदैवाने त्यांचाच ‘महिन्याची फी’ असा मेसेज होता. तो जोडून मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. मग बाईंचा फोन आला, ‘‘काकू, आपसात मिटवू या ना.’’ म्हटलं, मिटवू की. खांद्याचं काय झालं ते आधी लेखी द्या, आणि तो व्हिडिओ काढा. व्हिडिओ निघालाय. लेखी अजून आलेलं नाही.